क्लच गेला कुठे? सेकंडहँड ऑटोमॅटिक घेणाऱ्यांसाठी

अठरा वर्षं गिअरची गाडी चालवली. धायरी ते शिवाजीनगर, रोज जाऊन-येऊन. सिंहगड रोडला संध्याकाळी फर्स्ट-सेकंड-फर्स्ट करत घरी पोचेपर्यंत डावी पोटरी अशी भरून यायची की जिना चढताना कठड्याला धरावं लागायचं. शेवटी सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली. नवीचं बजेट नव्हतंच, आणि पहिलीवहिली ऑटोमॅटिक नवीकोरी घेऊन तिच्यावर शिकायची हिंमतही नव्हती.

घेताना डोक्यात एकच चित्र होतं: क्लच नाही, गिअर नाही, दाबा आणि निघा. पहिल्या दोन महिन्यांत मी गाडीला भरपूर छळलं. सोसायटीच्या बेसमेंटमधून वर येताना पुढची गाडी थांबली की मी एक्सलरेटर हलकासा दाबून तशीच चढावर लटकत राहायचे. एक दिवस जळका वास आला. गॅरेजवाल्या काकांकडे गेले, तर त्यांनी बॉनेटसुद्धा न उघडता विचारलं, "चढावर ब्रेक दाबता का रेस देऊन थांबता?" मी गप्प. "ताई, क्लच गेलेला नाही. तुमच्या पायाखालून काढून आत बसवलाय. जाळताय तुम्हीच, फक्त दिसत नाही."

पुढे जे सांगणार आहे त्याचं मूळ काकांच्या या एका वाक्यात आहे. गाडी निवडण्यापासून घाट उतरण्यापर्यंत, आत नेमकं काय बसवलंय हे माहीत असलं की बाकीचं आपोआप सुचत जातं.

आधी कोणती ऑटोमॅटिक ते ओळखा

जाहिरातीत नुसतं "ऑटोमॅटिक" लिहिलेलं असतं. तो एक शब्द चार निरनिराळ्या यंत्रांसाठी वापरतात.

आपल्या बजेटमधल्या बहुतेक गाड्या एएमटी असतात. २०१४ साली मारुतीने सेलेरियोमध्ये ती आणली आणि छोट्या गाडीत ऑटोमॅटिक म्हणजे चैन हा समज मोडला. मारुती तिला एजीएस म्हणते. पुढे ऑल्टो के१०, वॅगनआर, इग्निस, टाटाची टियागो, रेनोची क्विड, ह्युंदाईची २०१८ ची सँट्रो आणि नंतरची नियॉस, सगळ्यांत ती आली. एएमटी म्हणजे आपली नेहमीचीच गिअरची गाडी. तोच गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट. फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला आत एक यंत्र बसवलंय, त्याला ॲक्च्युएटर म्हणतात. म्हणून ती स्वस्त आणि म्हणून तिचं ॲव्हरेज गिअरच्या गाडीच्या आसपास राहतं. आणि म्हणूनच तिची क्लच प्लेट झिजते, जळते, बदलावी लागते.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टर. जुन्या आय१० आणि ग्रँड आय१० मध्ये, मारुतीच्या ए-स्टार आणि रिट्झमध्ये चार गिअरचा, होंडा ब्रिओमध्ये पाच गिअरचा. यात घासणाऱ्या क्लच प्लेटऐवजी तेलाच्या जोरावर चाकांकडे ताकद जाते, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये लोण्यासारखी चालते. पेट्रोल जरा जास्त पिते. या गाड्या आता वयाने मोठ्या झाल्यात, पण ज्यांचं गिअर ऑइल वेळेवर बदललंय त्या अजून छान असतात.

तिसरी सीव्हीटी: होंडा जॅझ, २०१६ पासूनची अमेझ, जुनी बलेनो, निसान मायक्रा. यात ठरावीक गिअरच नसतात, पोलादी पट्टा दोन पुलींवर सरकत राहतो. शहरात चालवायला सगळ्यांत मऊ. जोरात दाबलं की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि गाडी मागून येते, ते मात्र अंगवळणी पाडावं लागतं. चौथी, दोन क्लचची डीसीटी किंवा डीएसजी. पोलो जीटी टीएसआयमध्ये २०१३ पासून होती. चालवायला मजा, पण सेकंडहँडमध्ये आणि तेही पहिलीच ऑटोमॅटिक म्हणून मी कुणालाही घे म्हणणार नाही. दुरुस्तीचा आकडा ऐकून झोप उडेल.

गंमत अशी की गाडीचं नाव तेच राहून आतला प्रकार बदलतो. बलेनो २०२२ पर्यंत सीव्हीटी होती, त्यानंतरची एएमटी आहे. ग्रँड आय१० टॉर्क कन्व्हर्टर, तिची पुढची पिढी नियॉस एएमटी. तेव्हा विकणाऱ्याला फोनवरच विचारा, "एएमटी आहे का सीव्हीटी?" उत्तरादाखल "ऑटोमॅटिक आहे ना मॅडम" असं आलं तर त्याला माहीत नाही किंवा सांगायचं नाही. एक सोपी खूण सांगते. गिअरच्या दांड्याजवळ बघा. "पी" (पार्किंग) असेल तर टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी किंवा डीसीटी. "पी" नसेल, नुसतं आर, एन, डी (रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) आणि बाजूला प्लस-मायनस असेल तर एएमटी. टाटाच्या एएमटीत "डी" च्या जागी "ए" असतं आणि क्विडमध्ये दांडाच नाही, मिक्सरसारखं गोल बटण आहे.

माझं मत विचाराल तर रोज शहरात, त्यातही ट्रॅफिकमध्येच जास्त चालवणार असाल आणि बजेट पुरत असेल तर नीट सर्व्हिस झालेली सीव्हीटी घ्या. बजेट कमी, गावाकडे जाणं-येणं जास्त, आणि तालुक्याच्या गॅरेजलाही गाडी उघडता आली पाहिजे असं असेल तर एएमटी. मी दुसऱ्या गटातली.

बघायला जाताना

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा: "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर पहिलं काम, बॉनेटवर हात ठेवा. मी बघितलेल्या तिसऱ्या गाडीचं बॉनेट सकाळी आठ वाजता कोमट होतं. मालक म्हणाला, "आत्ताच दूध आणायला गेलो होतो." पुढे कळलं, थंड असताना ती पहिल्या गिअरमध्ये टाकली की आचके देते, तापली की गप्प बसते. दूध कुठल्या डेअरीतून आणलं ते मी विचारलं नाही.

एएमटी असेल तर दार उघडतानाच कान द्या. कित्येक गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की आतून दोन-तीन सेकंद घर्रर्र असा बारीक आवाज येतो. ॲक्च्युएटरला तेलाचा दाब देणारा पंप चालू झालेला असतो. हा आवाज दोष नाही, मी पहिल्यांदा ऐकून दचकले होते. पण तो थांबायला हवा. गाडी नुसती उभी असताना पंप दर थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा घरघरत असेल तर दाब कुठेतरी गळतोय, आणि ती दुरुस्ती स्वस्त नसते.

मग किल्ली फिरवा, पण स्टार्ट करू नका. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदा लागले पाहिजेत. गिअरबॉक्सचा दिवा लागलाच नाही, तर तो काढून टाकलेला असू शकतो. स्टार्ट केल्यावर ते विझले पाहिजेत.

आता ब्रेक घट्ट दाबून एन मधून आर, परत एन, मग डी. एएमटी क्षणभर विचार करून गिअर घेते, ते ठीक. ठक्कन धक्का बसला, किंवा डिस्प्लेवर आकडा यायच्या ऐवजी नुसता लुकलुकत राहिला, तर पुढे बघायची गरज नाही.

यानंतरची परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. सपाट जागी डी मध्ये टाकून ब्रेकवरून पाय हळूच उचला, एक्सलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. गाडी मुंगीच्या चालीने आपोआप पुढे सरकली पाहिजे. याला क्रीप म्हणतात. सुरुवातीच्या क्विड एएमटीत क्रीप नव्हता, नंतरच्यांत दिला, म्हणून तिथे तो नाही म्हणजे बिघाड समजू नका. बाकी गाड्यांत सरकताना थरथर होत असेल, खडबडीत जमिनीवरून ओढत नेल्यासारखं वाटत असेल, तर क्लच प्लेट शेवटाला आलीय. हेच रिव्हर्समध्ये, जमल्यास थोड्या चढावर करून बघा. थकलेला क्लच रिव्हर्सच्या चढावर खोटं बोलू शकत नाही.

पुढे निदान अर्धा तास चालवा, आणि त्यातली दहा मिनिटं भर ट्रॅफिकमध्ये. गाडी गरम झाल्यावरच खरं रूप कळतं. हळू दाबून एक-दोन-तीन बदलताना बघा, मग चाळीसच्या वेगाला एकदम जोरात दाबा. एएमटी अर्धा-एक सेकंद घुटमळून गिअर खाली आणेल, हे तिच्या स्वभावातलंच. पण इंजिन ओरडतंय आणि वेग वाढत नाहीये असं झालं तर क्लच घसरतोय. मॅन्युअल मोडमध्येही (म्हणजे गिअर आपणच वर-खाली करायचा) प्लस-मायनस करून बघा, पुष्कळ मालकांनी ते कधी वापरलेलंच नसतं.

टॉर्क कन्व्हर्टर असेल आणि तेलाची काडी दिलेली असेल तर काढून वास घ्या. लालसर तेल चांगलं, काळं पडून जळकट वास येणारं वाईट. सीव्हीटीला सर्व्हिसची बिलं मागा आणि त्यात ट्रान्समिशन ऑइल बदलल्याची ओळ शोधा. अनेक मालकांना "इंजिन ऑइल बदललं" म्हणजे सगळं बदललं असं वाटत असतं. ती ओळ नसेल तर किंमत त्या हिशेबाने पाडा, किंवा सरळ पुढची गाडी बघा.

मीटरवर किती विसंबायचं? फार नाही. चाळीस हजार किलोमीटर सांगतात आणि ब्रेक पेडलचं रबर एका कोपऱ्यात गुळगुळीत झालेलं असतं. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. गाडी २०१८ ची, चार टायर २०२१ चे, स्टेपनी २०१८ ची, आणि मीटर तीस हजारांवर, असं दिसलं तर डोकं खाजवायला हरकत नाही.

आणि पाणी. सांगली-कोल्हापूरला २०१९ आणि २०२१ ला पूर आले, चिपळूणला २०२१ ला. तशा पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊनपुसून दुसऱ्या शहरात विकायला आली तर फोटोत काही कळत नाही. एएमटीचं सगळं शहाणपण सेन्सर आणि वायरिंगमध्ये असतं, तिला पाणी लागलं की दुखणं आयुष्यभराचं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, शेवटच्या फुटावर चिखलाची रेघ असते. पायाखालचं कार्पेट उचला, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवा.

पसंत पडली की आपल्या विश्वासातल्या गॅरेजला नेऊन स्कॅनर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं यंत्र, लावून घ्या. पुष्कळ एएमटी गाड्यांत क्लच किती झिजलाय हेही स्कॅनरवर कळतं. मालक न्यायला नाही म्हणाला तर तुम्हीही नाही म्हणा.

कागदपत्रं, थोडक्यात

लायसन्सची काळजी करू नका. आपलं नेहमीचं एलएमव्ही (हलक्या मोटारीचं) लायसन्स दोन्ही प्रकारच्या गाड्यांना चालतं, स्कूटरसारखा गिअरचा-बिनगिअरचा वेगळा परवाना कारला नाही.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. आधीचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नाहीतर आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि इथला रोड टॅक्स पुन्हा. दिल्लीच्या स्वस्त गाडीचा हिशेब बऱ्याचदा इथेच फसतो. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात आरटीओला चौदा दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. "नंतर बघू" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. तुंबलेली ई-चलनं गाडी नंबर टाकून आधीच बघा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलीय का तेही.

विम्यात लोक गोंधळतात. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, तरी चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची. नो क्लेम बोनस मात्र माणसाचा असतो, गाडीचा नाही. आधीच्या मालकाचा तुम्हाला मिळत नाही, आणि तुमच्या जुन्या गाडीवर साठलेला तुम्ही नव्या गाडीला लावू शकता. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यायला विसरू नका. मी विसरले होते.

पहिला दिवस: डावा पाय बांधून ठेवा

रविवारी सकाळी सातला रिकामं मैदान किंवा शाळेचं मोकळं आवार गाठा. रस्त्यावर लगेच जाऊ नका. कारण सांगते.

दुसऱ्याच दिवशी मी सोसायटीत गाडी लावत होते. भिंत जवळ आली, आणि अठरा वर्षांच्या सवयीने डावा पाय क्लच दाबायला गेला. क्लच नव्हता. तिथे ब्रेकचं रुंद पेडल होतं आणि त्याची कड सापडली. क्लच आपण खालपर्यंत दाबतो, तसाच तो दाबला. गाडी जागच्या जागी थिजली, शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या मांडीवरची भाजीची पिशवी डॅशबोर्डवर. टोमॅटो गोळा करताना त्या एवढंच म्हणाल्या, "जुनी बरी होती का गं?" हेच हायवेवर झालं असतं तर मागचा ट्रक डिकीत आला असता.

तेव्हा नियम एकच: दोन्ही पेडलं उजव्याच पायाने. डावा पाय डावीकडच्या पायटेकणीवर ठेवा आणि टाच हलू देऊ नका. पहिला आठवडा मी डावी चप्पल काढून पाय सीटच्या बाजूला मागे घेऊन बसायचे. विचित्र दिसतं, पण तो पाय पुढे यायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात डोकं जागं होतं. डावा हातही मोकळा ठेवायचा. चालत्या गाडीत सवयीने दांड्याकडे जातो आणि डी चा एन होतो.

क्रम असा. उजवा पाय ब्रेकवर, दांडा एन ला, स्टार्ट. पाय ब्रेकवरच. दांडा डी ला. डिस्प्लेवर १ आकडा आला का बघा, न बघता निघू नका. हँडब्रेक खाली. ब्रेक हळू सोडा, गाडी सरकू लागेल. पहिले वीस मिनिटं एक्सलरेटर वापरायचाच नाही. मैदानात नुसत्या ब्रेकवर आठचा आकडा काढा, मग रिव्हर्समध्ये. पार्किंगसाठी लागणारं सगळं कौशल्य याच वीस मिनिटांत येतं. गिअरच्या गाडीत आपण हाफ क्लचवर वेग सांभाळायचो, इथे ब्रेकवर सांभाळायचा.

पुढे जाणं आणि मागे येणं यांच्या मध्ये गाडी पूर्ण थांबलीच पाहिजे. रिव्हर्समध्ये सरकत असतानाच डी टाकायची घाई गिअरबॉक्सला महाग पडते.

एएमटीत गिअर बदलताना मान पुढे जाते, त्याबद्दल लोक कुरकुरतात. उपाय सोपा आहे. गिअरच्या गाडीत तुम्ही क्लच दाबताना एक्सलरेटर सोडायचात ना? इथेही तेच करा. इंजिनाचा आवाज चढला, आता बदलेल असं वाटलं की पाय किंचित हलका करा. ती लगेच पुढचा गिअर घेते आणि धक्का जवळपास जातो. उलट बिनगिअरच्या गाड्यांचीच सवय असलेली आमची मुलगी पाय दाबूनच ठेवते आणि तिच्या शेजारी बसलं की बैलगाडीत बसल्यासारखं होतं. गिअरच्या गाडीवरून आलेल्यांना एएमटी जास्त चांगली चालवता येते, हे माझं ठाम मत आहे.

सिग्नल, चढ, घाट

छोट्या सिग्नलला डी मध्येच ब्रेक दाबून थांबा. नव्वद-शंभर सेकंदांचा असेल तर एन आणि हँडब्रेक. डी मध्ये थांबलात की आतलं यंत्र तुमच्या वतीने क्लच दाबून धरत असतं. तुम्ही शंभर सेकंद क्लच दाबून उभे राहिला असता का?

इंच-इंच सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये पुढची गाडी दोन फूट हलली की लगेच हलू नका. एक गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच सरका. मधे रिक्षा घुसेल, घुसू दे. क्लच प्लेटपेक्षा रिक्षा परवडली.

चढावर थांबायचं ते ब्रेकवर. एक्सलरेटर देऊन किंवा क्रीपच्या भरवशावर लटकायचं नाही, ते म्हणजे हाफ क्लचवर उभं राहणं. एएमटीला कळत नाही की तुम्हाला थांबायचंय, ती बिचारी चढायचा प्रयत्न करत राहते आणि प्लेट तापते. काही गाड्या बीप करून ओरडतात, माझी ओरडली होती, मला वाटलं सीट बेल्टचं काहीतरी आहे. चढावरून निघताना हँडब्रेक ओढा, ब्रेकवरून पाय काढा, एक्सलरेटर द्या, गाडीचं नाक जरासं उचललेलं जाणवलं की हँडब्रेक सोडा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलेलं तेच. नव्या गाड्यांत हिल होल्ड असतो, तो दोन-एक सेकंद धरून ठेवतो, पण जुन्यांत बहुधा नसतो.

घाट चढताना, समजा साताऱ्याकडे जाताना खंबाटकी, डी मध्ये ठेवली की वळणावर ती वरचा गिअर घेते, वळण संपून चढ आला की दम लागून खाली येते, पुन्हा वर. तिला पुढचं वळण दिसत नाही, तुम्हाला दिसतं. मॅन्युअल मोडला घ्या आणि सेकंड-थर्डमध्ये तुम्हीच चालवा. ओव्हरटेक करायच्या आधीही तसंच: आधी एक गिअर खाली घ्या, मगच बाहेर काढा. डी मध्ये एकदम दाबून ट्रकच्या बाजूला गेलात आणि ती तेवढ्यात विचार करायला लागली, तर तो अर्धा सेकंद फार मोठा वाटतो.

उतरताना एन मध्ये कधीही नाही. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुण्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि तिथल्या अपघातांच्या चर्चेत डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे ट्रक पुन्हा पुन्हा येतात. छोट्या गाडीचेही ब्रेक सतत दाबून तापतातच. एएमटीत मॅन्युअल मोडला सेकंड किंवा थर्ड, सीव्हीटीत एल (लो) किंवा एस (स्पोर्ट), आणि इंजिनाला गाडी अडवू द्या. आवाज वाढतो, वाढू दे.

लावताना

"पी" असलेल्या गाडीचा क्रम बरेच जण उलटा करतात. थेट पी टाकतात आणि ब्रेक सोडतात. मग उतारावर गाडीचं सगळं वजन आतल्या एका छोट्या दात्यावर येतं आणि निघताना पी सुटता सुटत नाही. क्रम असा: ब्रेक दाबून एन, हँडब्रेक पूर्ण ओढा, ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, पुन्हा ब्रेक, मग पी.

एएमटीत पी नाही. तिथे ब्रेक दाबून, हँडब्रेक ओढून, गिअरमध्येच बंद करायची, आपण गिअरची गाडी फर्स्टला टाकून लावायचो तशी. तोंड चढाकडे असेल तर डी, उताराकडे असेल तर आर. तुमच्या गाडीच्या पुस्तकात काय सांगितलंय तेही एकदा वाचून घ्या. पुढच्या वेळी ब्रेक दाबून एन ला आणल्यावर स्टार्ट होईल. पहिल्या आठवड्यात "गाडी स्टार्टच होत नाही" म्हणून मी गॅरेजला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा दांडा डी मध्ये होता.

आणि इंजिन चालू ठेवून, डी मध्ये, नुसता हँडब्रेक ओढून खाली उतरायचं नाही. गेट उघडायला नाही, लिंबू-मिरची बांधायलाही नाही. गिअरची गाडी अशा वेळी आचका देऊन बंद पडते. ही बंद पडत नाही, चालायला लागते. घरात लहान मुलं असतील तर किल्ली नेहमी आपल्या खिशात.

बॅटरी आणि सर्व्हिस

धक्का मारून चालू करणं विसरा. एएमटीला क्लच आणि गिअर हलवायलाच वीज लागते. डिकीत जंपर केबल ठेवा आणि बॅटरी कुरकुरायला लागली की वाट न बघता बदला. एएमटी विनाकारण एन मध्ये पडायला लागली, गिअर घेईनाशी झाली, तर ॲक्च्युएटर बदला म्हणणाऱ्याचं ऐकण्याआधी बॅटरी तपासून घ्या. गाडी रस्त्यात बंद पडली तर टोइंगवाल्याला प्रकार आधी सांगा. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेली तर गिअरबॉक्सचं वाटोळं होतं. पुढची चाकं उचलून किंवा सरळ फ्लॅटबेडवर.

क्लच प्लेट बदलायची वेळ आली तर गॅरेजला एक प्रश्न विचारा: "बदलल्यावर कॅलिब्रेशन करता ना?" नवीन प्लेट कुठे पकडते हे स्कॅनर लावून कॉम्प्युटरला शिकवावं लागतं. ते न करता दिलेली गाडी आचके देते, आणि मग "तुमचा गिअरबॉक्सच गेलाय" असं ऐकावं लागतं. ज्याच्याकडे स्कॅनर नाही त्याच्याकडे तेल बदला, पंक्चर काढा, क्लच बदलू नका.

अधूनमधून गिअरची गाडी चालवायची वेळ येतेच, तेव्हा पहिला किलोमीटर जपून. मागच्या महिन्यात भावाची गाडी घेऊन मंडईत गेले होते. सिग्नलला ब्रेक दाबला, डावा पाय निवांत बाजूला. गाडीने असा आचका दिला की मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नसुद्धा मारला नाही, नुसतं मान बाहेर काढून विचारलं, "काकू, शिकताय का?"